भिंतीतली वायर आणि ओव्याचा काढा

बँकेत अठ्ठावीस वर्षं सह्या केल्यावर मी लवकर निवृत्ती घेतली आणि बायकोच्या बदलीमागून सांगलीहून चेन्नईला आलो. तिची कचेरी केंद्र सरकारची, नुंगंबाक्कमला. आम्ही राहायचो अंबत्तूरला, एका हिरव्या फाटकाच्या घराच्या वरच्या मजल्यावर. ती सकाळी आठला बाहेर पडे आणि संध्याकाळी साडेसहाला परत येई. मधल्या वेळात घर माझ्या ताब्यात असे, आणि अडचण नेमकी तिथंच होती.

त्या घराचं स्वयंपाकघर कुणा उंच माणसानं बांधलं असावं. सगळी फडताळं वर. माझी बायको पाच फुटांच्या आतली, त्यामुळे मोहरी हवी झाली तरी ती स्टुलावर चढायची. मसाल्यांसाठी एक खालचं रॅक लावायचं तिनं ठरवलं. "सुतार बोलावू या," ती म्हणाली. "एका रॅकसाठी सुतार?" मी म्हणालो. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "अहो, तुम्ही भिंतीला हात लावायचा नाही," असं म्हणून ती कामाला गेली.

मी दुसऱ्याच दिवशी ड्रिल मशीन आणलं.

मे महिन्याचे दिवस होते. इकडे त्या पंचवीसेक दिवसांना कत्तिरी म्हणतात, म्हणजे कात्री. ऊन खरोखरच कापत सुटतं. बायको गेल्यावर मी खोलीतल्या प्लगमधून एक्स्टेंशन ओढून आणलं, रॅक भिंतीला लावून पेन्सिलीनं चार खुणा केल्या आणि पहिलं भोक पाडलं. इतकं सुरेख पडलं की मी त्यात बोट घालून बघितलं. दुसरंही तसंच. आपण उगाच बँकेत गेलो, असं वाटायला लागलं. तिसरं भोक स्विचबोर्डाच्या बरोबर वर होतं. मशीन दोन इंच आत गेलं आणि फट्ट झालं. निळा लोळ डोळ्यांसमोर आला, जळकट वास सुटला, पंखा मंदावत मंदावत थांबला आणि फ्रिज एक उसासा टाकून गप्प झाला.

मी मशीन सोडून मागे सरकलो. दोन मिनिटं मी नुसता फरशीवर बसून होतो. मग दाराजवळच्या पेटीतलं खाली पडलेलं बटण वर केलं. ते टक्कन खाली आलं. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली. स्वयंपाकघर आणि हॉल, दोन्हीकडची वीज गेली होती. आतल्या खोलीतली तेवढी चालू होती.

आता खरी भीती सुरू झाली. विजेची नाही, दोन बायकांची. एक माझी, साडेसहाला येणारी. दुसरी घरमालकीण, खाली राहणारी.

घरमालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेले आणि मराठी तशीच्या तशी डब्यात भरून ठेवावी तशी त्यांनी ठेवली. बाई बोलायला लागल्या की वाटायचं, कुणी जुनं पत्र मोठ्यानं वाचतंय, आणि वाचणाऱ्याचा हेल मात्र तमिळ आहे. वय शहात्तर. गणिताच्या शिक्षिका होत्या. सगळी गल्ली त्यांना टीचर म्हणे. मी आपला सांगलीच्या सवयीनं 'बाई' म्हणायचो, ते त्यांना आवडायचं. पण भाड्यानं देताना त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं होतं, "भिंतीस एक खिळा मारावयाचा असला तरी मजला विचारावें." मी "हो बाई" म्हणालो होतो.

म्हणून मी ठरवलं, दोघींपैकी कुणालाच कळू द्यायचं नाही. साडेसहाच्या आत इलेक्ट्रिशियन आणायचा, वायर जोडून घ्यायची, भोक बुजवायचं आणि वर कॅलेंडर टांगायचं. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर एका इलेक्ट्रिशियनचा नंबर रंगवलेला होता. मी खाली जाऊन, बाईंच्या खिडकीखालून वाकून, तो लिहून आणला.

प्रश्न भाषेचा होता. माझ्या तमिळला आठ महिने झाले होते. मी शब्द जमवले. भिंतीला 'सुवर' म्हणतात. वायरला 'वयर'. आत म्हणजे 'उळ्ळे'. चार वेळा घोकून मी फोन लावला. पलीकडून एक शांत, भारदस्त आवाज आला आणि माझं घोकलेलं सगळं सांडलं. 'सुवर'चं 'सोरु' झालं आणि 'वयर'चं 'वयिरु'. सोरु म्हणजे भात आणि वयिरु म्हणजे पोट, हे मला नंतर कळलं. मी म्हणालो, "सार, सोरु उळ्ळे, वयिरु कट्!"

मग त्यानं काहीतरी विचारलं, त्यातला 'रोंब' एवढा शब्द मला कळला. रोंब म्हणजे खूप.

"रोंब, सार, रोंब!" मी म्हणालो. "आधी फायर. मग स्मोक!"

"अय्यो," तो म्हणाला. मग अगदी समजावणीच्या सुरात, "सार, मोर कुडिंग."

मोर म्हणजे ताक, हे मला ठाऊक होतं. तो मला ताक प्यायला सांगत होता. मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे, उन्हात धीर धरायला सांगतोय. त्यानं पत्ता विचारला. मी हिरवं फाटक सांगितलं, वरचा मजला सांगितला. "टीचर वीडा?" तो एकदम म्हणाला. टीचरचंच घर, मी म्हणालो. त्याच्या आवाजात घाई आली आणि फोन बंद झाला. चला, माणूस निघाला, म्हणून मी भोकाखालची धूळ झाडायला घेतली.

पाचव्या मिनिटाला दार वाजलं. दारात बाई. एका हातात स्टीलचा पेला, दुसऱ्या हातात जिन्याचा कठडा, धाप लागलेली.

"बसा," त्या म्हणाल्या. "उभें राहूं नका. केव्हांपासून दुखतें?"

"काय?"

"बोलूं नका. हें प्या आधीं."

पेल्यात ओव्याचा काढा होता. काळाकुट्ट, कढत. शहात्तर वर्षांची बाई गुडघे दुखत असताना एक जिना चढून काढा घेऊन आली आहे, तिला नाही कसं म्हणायचं? आणि का आली हे विचारलं तर गोष्ट कुठपर्यंत जाईल? मी प्यालो. घामाच्या धारा लागल्या होत्या, पंखा बंद, वर हा काढा. डोळ्यांतून पाणी आलं.

"फार दुखतें?" बाई हळूच म्हणाल्या. "माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. वरच्या सारांचें पोट फाटतें आहे, आग होते आहे, लगेच जा म्हणून सांगितलें. तो इलेक्ट्रिशियन आहे. तुमी घाबरून त्यासच नंबर लावलांत कीं काय?"

तेव्हा मला सगळं कळलं. आणि अजूनही वाचता आलं असतं. पोटदुखीच कबूल करून टाकावी, असा विचार माझ्या मनात आला, मी खोटं सांगत नाही. मी पोटावर हातसुद्धा ठेवला. पण बाई शिक्षिका होत्या. त्यांनी वर बघितलं, पंखा बंद. फ्रिजकडे बघितलं. मग माझ्या केसांकडे, ज्यात सिमेंटची भुकटी होती. मग स्वयंपाकघराच्या दारातून भिंतीकडे.

"भोक पाडलांत कां?"

"हो बाई."

"किती?"

"तीन."

"खुणा तर चार दिसतात."

"चौथ्याला वेळ मिळाला नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. शाळेत असताना वर्गाबाहेर उभं केल्यावर जसं वाटतं तसं मला झालं. मी पंचावन्न वर्षांचा होतो.

तेवढ्यात इलेक्ट्रिशियन आला. साठीजवळचा, पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. अंबत्तूरच्या कारखान्यांत आयुष्यभर विजेच्या मोटारींना तारा गुंडाळून आता घरोघरची कामं करायचा. त्याच्या एका हातात हत्यारांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात शहाळं. माझ्यासाठी. बाईंनी त्याला तमिळमध्ये सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्यानं शहाळं माझ्या हातात दिलं, मुख्य स्विच बंद केला, टेस्टर लावून वीज खरंच गेलीय ना हे दोनदा पाहिलं आणि माझं भोक जवळून बघितलं. मग ड्रिल मशीन उचलून त्याच्या प्लॅस्टिकच्या अंगावर बोट आपटलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला.

"म्हणतो, हें बाहेरून प्लॅस्टिक आहे म्हणून तुमी शहाळें पीत बसलां आहांत," बाई म्हणाल्या. "आणखी म्हणतो, बोर्डाच्या सरळ वरतीं गाढवसुद्धां भोक पाडणार नाहीं. वायर तेथूनच उतरते."

त्याच्या वाक्यात गाढवाचा शब्द मला ऐकू आला नव्हता. पण त्या वेळी भाषांतरावर शंका घेण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

घड्याळात साडेबारा वाजले होते. मी विनवणीच्या सुरात म्हणालो, "त्यांना सांगा, तुटलेली दोन टोकं जोडून टेप लावू दे फक्त. साडेसहाला ही येते."

बाईंनी सांगितलं. इलेक्ट्रिशियननं चष्मा काढला आणि बराच वेळ सावकाश बोलला. भिंतीच्या आत जोड नाही ठेवायचा, एवढं त्याच्या हातवाऱ्यांवरून मलाही कळलं. जोड गरम होतो, सैल होतो, आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. बोर्डापासून छताजवळच्या डब्यापर्यंत वायर अखंड हवी.

"काय म्हणाले?"

"म्हणतो, बायकोस भिऊन वायर जोडतां येत नाहीं म्हणून," बाई म्हणाल्या.

काम सुरू झालं. भिंतीत प्लॅस्टिकचा पाइप असतो आणि वायरी त्यातून जातात. जुन्या वायरी ओढून काढायच्या आणि लांब लवचिक स्प्रिंगच्या साहाय्यानं नव्या घालायच्या, असा बेत. पण जुनी वायर हलेना. त्यानं बोर्डाकडून ओढली, वरून ओढली, वायर जागची ढळली नाही. स्प्रिंग घालून बघितली, तर माझ्या भोकाच्या जरा वर ती अडली. त्यानं भिंतीला कान लावून बोटाच्या पेरानं ठकठक केलं. मग मान हलवली आणि छिन्नी काढली.

भिंत फोडणं मालकिणीच्या देखत चाललं होतं. एकेक ढपली पडे तसा मी डोळे मिटून घेत होतो. वीतभर भाग उघडा झाला. माझ्या भोकानं पाइपला पाडलेली जखम दिसली. आणि तिच्या वर चार बोटांवर, आधीच कधीतरी बुजवलेलं दुसरं भोक दिसलं. तिथंही पाइप फुटलेला होता. आत वायरींना मोठी गाठ, आणि गाठीवर पिवळी पडलेली, पांढऱ्या कापडाची चिकटपट्टी. अडत होतं ते तिथं.

"यारु सेंजदु?" इलेक्ट्रिशियन म्हणाला. हे कुणी केलं?

मी दोन्ही हात वर केले. हे माझं नव्हतं.

बाई उठून जवळ आल्या. चष्मा पुसून लावला. त्या पट्टीकडे बघत राहिल्या. ती विजेची टेप नव्हती. जखमेवर औषधाचा कापूस बसवायला लावतात ती पट्टी होती.

"हें त्यांचें काम," बाई म्हणाल्या.

'ते' म्हणजे त्यांचे यजमान. सहा वर्षांपूर्वी वारले. रेल्वेच्या इस्पितळात कंपाउंडर होते. खाली गुडघेदुखीपायी राहायला जाण्याआधी दोघं याच वरच्या मजल्यावर राहायची, हे स्वयंपाकघर त्यांचंच. ही उंच फडताळं त्या उंच माणसानं स्वतः उभं राहून करून घेतलेली. ते इस्पितळातल्या त्या पट्टीनं सगळं दुरुस्त करायचे, बाई सांगू लागल्या. चष्म्याची काडी, छत्री, बाईंची चप्पल, एकदा तर इडलीच्या भांड्याची कड.

मग बोलता बोलता त्या थांबल्या. काहीतरी आठवत होत्या.

"एके दिवशीं," त्या सावकाश म्हणाल्या, "मजला आणि माझ्या बहिणीस त्यांनीं सिनेमास पाठविलें. लग्नास वीस वर्षें झालीं होतीं, कधीं आपणहून जा म्हणाले नव्हते. त्या दिवशीं स्वतां रिक्षा आणिली. मी परत आलें तर स्वयंपाकघर धुवून लख्ख. मी विचारलें, हें काय? तर म्हणाले, तूं रोज करितेस, एक दिवस मी केलें. भिंतीवर नवें कॅलेंडर लाविलें होतें."

मी इलेक्ट्रिशियनकडे बघितलं. तो छिन्नीकडे बघत होता.

"मी ही गोष्ट साऱ्या गल्लीस सांगितली," बाईंचा आवाज चढला. "शाळेंत सांगितली. माझा नवरा पाहा, आणि तुमचे नवरे पाहा, म्हणून! तीस वर्षें सांगत आलें!"

इलेक्ट्रिशियनच्या घशातून एक आवाज आला. त्यानं तो दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले. मराठी त्याला येत नव्हती. कॅलेंडर आणि सिनेमा एवढ्या दोन शब्दांवर त्यानं सगळं ओळखलं होतं.

"सतरा आठे किती?" बाई त्याच्यावर तमिळमध्ये कडाडल्या. इतकं तमिळ मला कळलं. साठीचा माणूस ताठ उभा राहिला, ओठ हलवले, आणि उत्तर काही येईना. मग बाईच फसकन हसल्या. त्या हसल्यावर आम्हीही सुटलो. बाई हसता हसता स्टुलावर बसल्या, डोळे पुसू लागल्या, आणि थोड्या वेळानं मला कळलं की आता त्या नुसत्या हसत नाहीयेत. इलेक्ट्रिशियननं माझ्या हातातलं अर्धं शहाळं काढून त्यांच्या हातात दिलं. आम्ही दोघं उगाचच भिंत बघत उभे राहिलो.

"चला," जरा वेळानं पदर खोचून त्या म्हणाल्या. "वायर घाला आतां."

फुटका पाइप कापून त्यानं नवा तुकडा बसवला. नव्या वायरी स्प्रिंगला बांधल्या. त्या पाइपात सरकाव्यात म्हणून त्यांना पावडर लागते, पावडर त्याच्यापाशी संपली होती, म्हणून मी बायकोचा टाल्कमचा डबा आणला. तो शिडीवर, वरच्या डब्याशी स्प्रिंग ओढायला. खाली बोर्डाशी बाई, वायरींना पावडर चोपडून आत ढकलायला. हे काम त्यांनी स्वतःहून घेतलं आणि मला शिडी धरायला लावली. "ओन्नु, रेंडु, मूणु!" बाई मोजत होत्या आणि तिसऱ्याला तो ओढत होता. वीतवीत वायर आत जात होती. मोगऱ्याच्या वासाचा पांढरा धूर घरभर झाला. शेवटी वायर वरून बाहेर आली तेव्हा बाईंनी टाळी वाजवली, आणि आणखी धूर झाला.

जोडणी झाली, तपासणी झाली, मुख्य स्विच लागला. दाराजवळच्या पेटीतलं बटण वर केलं. ते वरच राहिलं. पंखा फिरायला लागला आणि ओट्यावरची सगळी पावडर आमच्या अंगावर आली. भिंतीला सिमेंट लागलं, हत्यारं आवरली.

मग मला फ्रीझरची आठवण झाली. सांगलीहून आलेल्या हापूसच्या रसाचे चार डबे, बायकोनं तिच्या बहिणीसाठी राखून ठेवलेले, चार तासांत पातळ झाले होते. दोन तर पार वितळलेले.

"पुन्हां गोठवूं नये," बाईंनी निकाल दिला. "बशा आणा."

बायकोला त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून ती लवकर निघाली. पावणेपाचला तिनं दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात फरशीवर तीन माणसं बसली होती, नखशिखान्त पांढरी, आणि तिच्या बहिणीचा आमरस खात होती. भिंतीवर वीतभर ओलं सिमेंट होतं. मधोमध ड्रिल मशीन. लपवायला कॅलेंडरसुद्धा लावलेलं नव्हतं.

मी उभा राहिलो. तिनं मशीनकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि माझे दोन्ही हात धरून उलटसुलट करून पाहिले.

"तुम्हाला लागलं नाही ना कुठं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग आता ऐका," ती म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं मी ऐकलं. इलेक्ट्रिशियननं मराठीतलं एक अक्षर कळत नसताना तीही दहा मिनिटं मान खाली घालून ऐकलं. जाता जाता त्यानं समोरच्या, बोर्ड नसलेल्या भिंतीवर टेस्टरनं टकटक करून चार भोकं पाडली आणि रॅक लावून दिलं. बायकोनं त्याला उरलेला रस बांधून दिला. मशीन तिनं तिच्या कपाटात ठेवलं, साड्यांच्या मागे, आणि किल्ली पर्समध्ये.

बाई जाताना ती पिवळी पट्टी लावलेली गाठ बरोबर घेऊन गेल्या. इलेक्ट्रिशियन ती कचऱ्यात टाकत होता, त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, आठवण म्हणून जपून ठेवतील.

दुसऱ्या दिवशी पेला परत द्यायला मी खाली गेलो. यजमानांच्या फोटोला रोज मोगऱ्याचा गजरा असायचा. त्या दिवशी नव्हता. फोटोसमोर, नेहमी जिथं दिवा असतो तिथं, ती वायरीची गाठ ठेवलेली होती.

"बाई, आज फुलं?"

"तीन दिवस नाहीं," त्या कणीक मळता मळता म्हणाल्या. "तीस वर्षें मजला फसविलें. तीन दिवस कांहींच नव्हे."

तीन दिवस पुरे व्हायच्या आधीच, तिसऱ्या दिवशी सकाळी, मी वरच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. खाली फूलवाली फाटकाशी थांबली. बाईंनी फोटोसाठीची नेहमीची दोन हात माळ घेतली, आत वळल्या, थांबल्या, आणि तिला परत हाक मारून आणखी एक हातभर मागून घेतली.